मामाच्या मशीनवर 'होम' सापडत नाही

प्रश्न : दादा, मी नौपाड्यात राहतो, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मामाच्या क्लासची फी लिहून ठेवायला पायथनमध्ये छोटा प्रोग्रॅम केलाय. माझ्या उबुंटूवर मस्त चालतो, फाइल होम फोल्डरमध्ये (माझ्या यूजरच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये) सेव्ह होते. पण मामाच्या विंडोजवर नेला की पहिल्याच ओळीला 'की एरर, होम' येऊन बंद पडतो. मग त्याऐवजी होमसाठी वापरतात ते नुसतं टिल्ड चिन्ह (~) लावून पाहिलं तर फाइलच सापडत नाही म्हणतो. काय करू?

उत्तर : अरे, तू एन्व्हायर्नमेंटमधलं, म्हणजे सिस्टीम प्रोग्रॅमला देते त्या माहितीतलं, होम नावाचं व्हेरिएबल थेट वाचतोयस ना, ते लिनक्स आणि मॅकवर लॉगिन करतानाच सेट होतं, विंडोजवर मात्र ते सहसा नसतंच, तिथे त्याच कामाला यूजरप्रोफाइल नावाचं व्हेरिएबल असतं. आणि गंमत अशी की विंडोजवर गिट बॅशमधून (लिनक्ससारख्या टर्मिनलमधून) चालवलंस तर होम सापडतं, म्हणून कॉलेजच्या लॅबमध्ये चालतं आणि घरी नाही, असं खूप जणांचं होतं.

पाथ, म्हणजे फोल्डरचा पूर्ण पत्ता, हाताने तर अजिबात लिहू नकोस. विंडोज एक्सपीत हे होम फोल्डर 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज'मध्ये होतं, व्हिस्टापासून 'यूजर्स'मध्ये आलं, मॅकवरही 'यूजर्स'च पण ड्राइव्हचं अक्षर नाही, लिनक्सवर बहुतेक वेळा 'होम'. किती इफ-एल्स लिहिणार?

आता टिल्ड. त्याचा अर्थ शेल (टर्मिनलमध्ये कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम) लावतं, फाइल उघडणारं ओपन फंक्शन नाही, त्याच्यासाठी ते साधं अक्षर आहे. म्हणून फोल्डर बनवायचा कोड असेल तर प्रोग्रॅम जिथून चालवलास तिथे खरोखर टिल्ड नावाचं फोल्डर तयार होतं. ते दिसलं तर टर्मिनलमध्ये आरएम ही डिलीटची कमांड लिहून पुढे टिल्ड कधीच टाकू नकोस रे, अख्खं होम फोल्डर उडू शकतं! ऐरोलीला एका सहकाऱ्याचं असंच सगळं गेलं, अजून आठवलं की पोटात गोळा येतो. फाइल मॅनेजरमधून डिलीट कर, नाहीतर टिल्डच्या आधी डॉट आणि स्लॅश लाव.

योग्य उपाय एका ओळीचा आहे, पायथनचं पाथलिब मॉड्यूल इंपोर्ट कर आणि पाथ डॉट होम कॉल कर, पायथन ३.५ पासून आहे. विंडोजवर तो यूजरप्रोफाइल बघतो, लिनक्सवर आधी होम आणि ते नसेल तर सिस्टीमच्या यूजर यादीतून घर शोधतो. पुढे जावा किंवा नोड शिकलास तर तिथेही हे तयार मिळतं, जावात यूजर डॉट होम ही प्रॉपर्टी, नोडमध्ये ओएस मॉड्यूलचं होमडिर.

एवढं करूनही दोन ठिकाणी अडकशील. उबुंटूवर सुडो (अ‍ॅडमिनच्या अधिकाराने चालवायची कमांड) लावून चालवलास तर फाइल रूटच्या, म्हणजे अ‍ॅडमिन यूजरच्या, घरात जाईल, तुझ्या नाही. आणि विंडोजवर होमला नुसतं 'डॉक्युमेंट्स' जोडू नकोस, वनड्राइव्हचा बॅकअप चालू असेल तर ते फोल्डर वनड्राइव्हच्या आत गेलेलं असतं.

सेटिंग्जची फाइल डॉटने सुरू होणाऱ्या फोल्डरात लपवली तरी चालेल, पण फीचा हिशोब नको, मामांना तो दिसायला हवा, पेनड्राइव्हवर घेता यायला हवा. थेट होममध्ये 'क्लासफी' नावाचं फोल्डर कर आणि प्रोग्रॅम सुरू झाल्याझाल्या त्याचा पूर्ण पाथ स्क्रीनवर छाप, म्हणजे काही अडलं तर मामा तुला फोनवर तोच वाचून दाखवतील.