घर बघायला जाताना नळी घेऊन जा

बाळ,

अनेक आशीर्वाद.

तू बडोद्यात घेऊ पाहतेस त्या घराचे फोटो काकूनं चष्मा लावून दोनदा बघितले. तिला मागच्या अंगणातला मोर आवडला. मला दिसली ती मोराच्या मागची झाडी. ती झाडी म्हणजे कोतर, नदीकाठची घळ. कलालीकडची ती सोसायटी मी बघितलेली आहे. चाळीसेक डुप्लेक्स, तीन रांगा, आणि तिसरी रांग संपते तिथून जमीन जी उतरते ती थेट विश्वामित्रीपर्यंत. तुझा दलाल त्याला 'व्हॅली व्ह्यू' म्हणतो. बडोद्यात व्हॅली! पण शब्द अगदीच खोटा नाही. पाण्यानं वर्षानुवर्षं माती कापून केलेल्या घळीच आहेत त्या. नदी फुगली की त्याच घळींतून पाणी उलटं आत येतं, एवढं मात्र तो सांगणार नाही.

माझं हसं आधीच सांगून टाकतो. मी तीस वर्षं सर्व्हेत दुर्बीण खांद्यावर घेऊन जमिनीची लेव्हल काढत फिरलो. १९९८ साली दसऱ्यानंतर समाकडचं हे टेनामेंट, म्हणजे हे बैठं घर, बघायला आलो तेव्हा जमीन कोरडी ठणठणीत, वारा छान, लिंबाची सावली. बिल्डर म्हणाला, "साहेब, अहीं पाणी आवतुं ज नथी," इथे पाणी येतच नाही. मी त्याचा पेढा खाल्ला आणि बानाखतावर, म्हणजे विक्रीच्या करारावर, सही केली. उभी हयात लोकांच्या जमिनी मोजल्या, स्वतःच्या ओटीवर मात्र दुर्बीण रोखायचं सुचलं नाही.

आता स्वयंपाकघराच्या दारामागे काकूनं पेन्सिलीनं रेघा मारल्या आहेत, नातवंडांची उंची मोजतात तशा. २००५ ची घोट्याशी. २०१४ ची जरा वर. २०१९ ची गुडघ्याच्याही वर; त्या वर्षी ३१ जुलैला एका दिवसात सुमारे २० इंच पाऊस पडला होता. आणि २०२४ ची रेघ कडप्प्याच्या ओट्याला टेकलेली.

२०२४ चं नीट समजून घे, कारण तुझ्या व्यवहाराची मेख तिथेच आहे. जन्माष्टमीला धो धो कोसळला. नंतर उघडीप मिळाली, आम्ही हुश्श केलं, काकूनं पंजिरीचा प्रसाद वाटायला काढला. पाऊस थांबला, पण नदी वाढतच होती. विश्वामित्रीचं पाणी पावागडाकडून येतं, वाटेत सयाजीराव महाराजांच्या काळातलं आजवा सरोवर आहे, आणि वर पडलेलं पाणी शहरात पोचायला वेळ घेतं. काळा घोडा पुलाशी २५ फूट ही धोक्याची पातळी. त्या वेळी नदी ३५ फुटांच्या वर गेली. आमच्याकडे पाणी दारातून आलंच नाही आधी. रात्री मोरीच्या जाळीतून बुडबुड आवाज आला, मग संडासातून, आणि मग फरशीवर तेलासारखं गुपचूप पसरत गेलं. दाराला पोती लावून आम्ही दोघं बाहेर बघत उभे, आणि पाणी आमच्या पाठीमागे. म्हणून पहिली सूचना: कुठलंही घर घे, ड्रेनेजच्या लाइनीवर नॉन-रिटर्न वाल्व्ह, म्हणजे पाणी उलटं आत येऊ न देणारी झडप, बसवून घे. प्लंबर 'काही गरज नाही' म्हणेल. बसवून घे.

आता घर कसं बघायचं ते. सॅम्पल हाऊसचा सोफा बघू नकोस. सोसायटीच्या तोंडाशी जो किराणावाला आहे त्याच्या दुकानात जा, पार्ले-जी घे आणि खालच्या फळीवर काय ठेवलंय ते बघ. तिथे रिकामे क्रेट किंवा फिनाइलच्या बाटल्या असतील आणि साखर-पीठ छातीच्या उंचीवर, तर तुला हवं ते उत्तर मिळालं. शेजारच्या घरांत विजेचे मीटर किती उंचीवर आहेत? फ्रिज लोखंडी स्टँडवर चढवलेत का? दारांचा खालचा हातभर भाग नवा आहे का? एखाद्या भिंतीला चार फुटांपर्यंतच ताजा रंग असेल तर रंगाचं कौतुक करू नकोस. इस्त्रीवाल्याला विचार, कचरा नेणाऱ्या बाईला विचार, त्यांना कुणाचं कमिशन मिळत नाही. 'पाणी येतं का?' असं मात्र विचारू नकोस, उत्तर 'ना रे ना' असंच येतं. '२४ मध्ये स्कूटर कुठे ठेवली होती?' असं विचार.

पण लोकांच्या सांगण्यावरही थांबायचं नाही. गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हलची नळी असते, हार्डवेअरच्या दुकानात मीटरवर मिळते. पंधरा-वीस मीटर घे, पाणी भर, बुडबुडे काढ. एक टोक रस्त्याच्या मध्यावर, दुसरं घराच्या जोत्याशी. दोन्हीकडच्या पाण्याची जमिनीपासूनची उंची टेपनं मोज, फरक म्हणजे जोतं रस्त्यापेक्षा किती वर ते. असेच टप्पे घेत पहिल्या रांगेपासून तिसऱ्या रांगेपर्यंत उतरत जा. माझा अंदाज आहे, पहिल्या आणि तिसऱ्या रांगेत माणसाच्या उंचीएवढा फरक निघेल. आणि रस्ता आज आहे तिथेच राहणार नाही. दर वेळी जुन्यावरच नवा थर चढवतात. आम्ही राहायला आलो तेव्हा माझ्या घराला तीन पायऱ्या चढायच्या होत्या, आता एक उरली आहे.

तिसऱ्या रांगेतलं घर आठ लाखांनी स्वस्त आहे, ते घेऊन वाचलेल्या पैशात इंटिरियर करू, असं तू म्हणतेस. नको. २०२५ च्या उन्हाळ्यात नदी खोल-रुंद करायचं काम झालं हे खरं, पण त्या भरवशावर मी माझी जुनी गोदरेजची कपाटंसुद्धा खाली ठेवणार नाही. पहिल्या रांगेत ते रिसेलचं घर आहे ना, ज्याचं स्वयंपाकघर तुला बघवत नाही? ते बघ. ओटा बदलता येतो, जोतं नाही. फर्निचर करशील तेव्हा खालची कपाटं प्लायची करू नकोस, दगडाची कप्पेबंद मांडणी करून घे. प्लाय एकदा फुगलं की दार उघडतच नाही. आमचे कागदपत्र आतच राहिले होते.

कागदांचं थोडक्यात. रिसेल असेल तर बीयू परमिशन (इमारत वापरायची परवानगी), सात-बारा, बिनखेतीचा हुकूम आणि सोसायटीचं ना-हरकत वकिलाला दाखव. नवं घेतलंस तर रेरा नंबर, म्हणजे बांधकाम प्रकल्पाची सरकारी नोंदणी, तपास, आणि नोंदणीकृत बानाखत होईपर्यंत १० टक्क्यांपेक्षा जास्त एक पैसा देऊ नकोस, कायद्यानं बिल्डरला मागताही येत नाही. दस्ताला मुद्रांक ४.९ टक्के आणि नोंदणी फी १ टक्का धर. दस्त फक्त तुझ्या नावावर झाला तर बाई म्हणून ती १ टक्का फी माफ आहे. दादाचं नाव हौसेनं घालू नकोस, माफी जाईल. कुणी 'मागच्या बाजूला खेतीची जमीन आहे, फार्महाऊस करा' म्हणाला तर चहा पिऊन उठ. शेतकरी नसलेल्याला गुजरातेत शेतजमीन घेता येत नाही. आणि घराचा विमा 'भारत गृह रक्षा' प्रकारचा घे, त्यात पूर येतो. गाडीच्या विम्यात इंजिनाचं कव्हर वेगळं घ्यावं लागतं, हे मला गॅरेजवाल्यानं सांगितलं, उशिरा.

मग आम्ही अजून इथे का राहतो, असं तू विचारशीलच. २०२४ च्या पुरात तीन दिवस आम्ही समोरच्या पटेलभाईंच्या माडीवर आठ कुटुंबं होतो. एक गॅस, एक कुकर, दिवसाला चार वेळा खिचडी. गल्लीच्या तोंडाशी मगर फिरत होती. एका उत्साही मुलानं थाळी वाजवून तिला हाकलायला सुरुवात केली, तेव्हा पटेलबेननं त्याची थाळी हिसकावून घेतली आणि वनखात्याला फोन लावला. पाणी उतरल्यावर आमचा गाळ उपसायला सगळे आले, कुणी बोलावलं नव्हतं. पस्तीस-चाळीस घरांच्या वस्तीत हे असतं. त्याबरोबर हेही असतं की बोअरची मोटर जळली की महिनाभर वर्गणीवरून भांडणं, आणि तू रात्री किती वाजता आलीस हे सकाळी दूधवाल्याला ठाऊक. तुला एकटीला राहायचंय, तेव्हा हे तुला किती सोसेल ते तूच बघ. मला विचारशील तर सोसेल. पण घराला माडी हवी.

टोकन आत्ता देऊ नकोस. दलाल 'आज रात्री दुसरी पार्टी येतेय' म्हणेल, येऊ दे. एक मोठा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी जा आणि तिसऱ्या रांगेमागची कांस, म्हणजे पावसाच्या पाण्याचा ओहोळ, कुठल्या दिशेला वाहतेय ते बघ. आणि या रविवारी सात वाजता माझ्याकडे ये. ऊन चढायच्या आत तिन्ही रांगा मोजून होतील. नळी माझ्याकडे आहे, फक्त येताना पाण्यात टाकायला थोडी शाई घेऊन ये, माझ्या डोळ्यांना आता साधं पाणी नळीत दिसत नाही.

तुझा
काका