न केलेल्या कामाची रक्कम आपल्या पॅनवर दिसते तेव्हा

एका वाचकाने पाठवलेल्या पत्राचा आशय असा आहे. ते खाजगी नोकरीत असून २०२३-२४ या आर्थिक वर्षात त्यांचा एकूण पगार २,४०,००० रुपये होता, म्हणून त्यांनी विवरणपत्र भरले नव्हते. आता त्यांना कर निर्धारण वर्ष २०२४-२५ साठी प्राप्तिकर अधिनियम, १९६१ च्या कलम १४८ए खाली, कर चुकलेल्या उत्पन्नासाठी पुनर्निर्धारण म्हणजे फेरआकारणी का करू नये असे विचारणारी, कारणे दाखवा नोटीस आली आहे. त्यांच्या फॉर्म २६एएसमध्ये, म्हणजे पॅनवर जमा झालेल्या कराच्या वार्षिक नोंदपत्रात, एका अनोळखी कंपनीने जानेवारी ते मार्च २०२४ या काळात कंत्राटी कामापोटी १८,६०,००० रुपये दिल्याची आणि त्यावर १८,६०० रुपये टीडीएस (रक्कम देतानाच कापला जाणारा कर) कापल्याची नोंद आहे. नोकरी लावून देतो म्हणणाऱ्या एका मध्यस्थाला त्यांनी २०२३ मध्ये पॅन आणि आधार कार्डाच्या स्वाक्षरी केलेल्या छायाप्रती दिल्या होत्या. नोकरी मिळाली नाही आणि छायाप्रतीही परत आल्या नाहीत. एका करसल्लागाराने त्यांना सुचवले आहे की ही रक्कम धंद्याची उलाढाल म्हणून दाखवावी, म्हणजे कर लागणार नाही आणि कापलेला टीडीएसही परत मिळेल. असे करावे का, आणि हा पॅन रद्द करून नवीन घेता येईल का, हे त्यांचे दोन प्रश्न आहेत.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट नकारार्थी आहे. ही सूचना मोहात पाडणारी का आहे हे मी समजू शकतो. छोट्या धंद्याचा नफा उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांनी धरण्याची सोय देणाऱ्या कलम ४४एडी खाली १८,६०,००० रुपयांवर आठ टक्के नफा धरला तर तो १,४८,८०० रुपये होतो, त्यात आपला पगार मिळवूनही कर शून्य येतो आणि प्रकरण मिटल्यासारखे वाटते. परंतु विवरणपत्राच्या शेवटी आपण जे सत्यापन करता, त्यात हे उत्पन्न आपले आहे असे आपणच लिहून देता, आणि ते खोटे असल्याचे माहीत असताना लिहून देणे हा कलम २७७ खालील गुन्हा आहे. एखादी कंपनी न झालेल्या कामाचे पैसे कोणाच्या तरी पॅनवर दाखवते, तेव्हा बहुधा तिला स्वतःचा नफा कमी दाखवण्यासाठी खोट्या खर्चाची गरज असते. उद्या त्या कंपनीची चौकशी सुरू झाली, तर आपले विवरणपत्र हाच तिच्या बचावाचा पुरावा होईल, आणि आज फसवणूक झालेले आपण त्या दिवशी खोट्या पावत्या पुरवणारे ठराल. शिवाय, मूळ मुदत उलटल्यानंतर भरायच्या अद्ययावत विवरणपत्रात परतावा मागता येत नाही, त्यामुळे ज्या १८,६०० रुपयांचे आमिष दाखवले जात आहे, ते त्या वाटेने मिळणारही नाहीत. ते पैसे आपले नाहीत, आणि आपण त्यांच्यावर हक्क सांगत नाही ही बाबच आपल्या बाजूचे सर्वांत बळकट विधान आहे.

पुढे जाण्यापूर्वी मला एक गोष्ट विचारणे भाग आहे, आणि तिचे उत्तर आपण आपल्या वकिलाला तरी पूर्ण खरे द्यावे. त्या मध्यस्थाच्या सांगण्यावरून आपण एखादे बँक खाते उघडले होते का, कोऱ्या धनादेशावर किंवा कागदावर सही केली होती का, आपल्या मोबाइलवर आलेला ओटीपी त्याला सांगितला होता का, अथवा खाते वापरू देण्याबद्दल थोडीफार रक्कम स्वीकारली होती का? यांपैकी काहीही घडले असेल, तर खालील सल्ला तसाच्या तसा लागू होणार नाही आणि ‘मला काहीच माहीत नाही’ हे उत्तर आपल्यावर उलटेल. पुढचे सर्व लेखन आपण फक्त छायाप्रती दिल्या होत्या, हे गृहीत धरून आहे.

नोटीस खरी आहे याची खात्री प्रथम करावी. १ ऑक्टोबर २०१९ पासून प्राप्तिकर विभागाच्या पत्रव्यवहारावर दस्तऐवज ओळख क्रमांक असतो, आणि तो विभागाच्या ई-फायलिंग संकेतस्थळावर टाकून नोटिशीची सत्यता पडताळता येते. आपण आजवर विवरणपत्र भरलेले नसल्याने आपल्या पॅनवर दुसऱ्याच कोणाच्या मोबाइल क्रमांकाने तेथे खाते उघडले गेले आहे का, हेही याच वेळी पाहावे. तसे असल्यास आधार ओटीपीच्या साहाय्याने पासवर्ड बदलून खाते आपल्या ताब्यात घ्यावे आणि आधी नोंदलेला मोबाइल क्रमांक व ईमेल दिसत असेल तर त्याचे छायाचित्र काढून ठेवावे, कारण तो पुढे पुरावा ठरेल. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर अधिनियम, २०२५ लागू झाला असला, तरी आपले वर्ष त्यापूर्वीचे असल्याने आपल्या प्रकरणाला १९६१ च्या कायद्याचीच कलमे लागू राहतील.

आता उत्तराविषयी. नोटिशीत दिलेल्या मुदतीतच उत्तर गेले पाहिजे. कागद जमा व्हायला वेळ लागणार असेल, तर मुदतवाढीची विनंती मुदत संपण्यापूर्वी करावी आणि तोवर थोडक्यात का होईना, नकार नोंदवून ठेवावा. उत्तर न देण्याचा परिणाम गंभीर आहे. अधिकारी पुनर्निर्धारणाचा आदेश देऊन कलम १४८ ची नोटीस काढतील, तिकडेही दुर्लक्ष झाले तर कलम १४४ खाली उपलब्ध माहितीवर एकतर्फी निर्धारण होईल, आणि १८,६०,००० रुपयांची संपूर्ण रक्कम आपले उत्पन्न धरून त्यावर कर, व्याज आणि दंड अशी मागणी उभी राहील.

उत्तरात केवळ ‘हा व्यवहार माझा नाही’ एवढे लिहिणे अपुरे आहे. एखादी गोष्ट घडलीच नाही हे सिद्ध करणे कोणालाही कठीण असते, म्हणून घडलेल्या गोष्टीचा माग घेण्याची मागणी करावी, आणि तो माग पैशाचा आहे. अठरा लाख साठ हजार रुपये कंपनीने खरोखर दिले असतील, तर ते कोणत्या तरी खात्यात गेले असणार. म्हणून अधिकाऱ्यांनी कलम १३३(६) खाली त्या कंपनीकडून कामाचा करार, बिले, ती बिले कोणी सही करून दिली याचा तपशील आणि रक्कम ज्या बँक खात्यात जमा झाली त्याचा क्रमांक मागवावा, अशी स्पष्ट लेखी विनंती करावी. आपल्या सर्व बँक खात्यांचे त्या वर्षाचे उतारे, मालकाने दिलेले पगारपत्रक आणि त्या तिमाहीत आपण नोकरीवर हजर होता याचा दाखला जोडावा. कंपनीच्या एखाद्या व्यक्तीचा जबाब आपल्याविरुद्ध वापरला जाणार असेल, तर त्याची प्रत आणि उलटतपासणीची संधी मागावी. अशी संधी नाकारून दिलेला आदेश टिकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये अंदमान टिंबर इंडस्ट्रीजच्या प्रकरणात सांगितले आहे. ते प्रकरण उत्पादन शुल्काचे होते, पण त्यातील नैसर्गिक न्यायाचे तत्त्व प्राप्तिकराच्या कामातही आधाराला घेतले जाते.

ते खाते आपल्याच नावाने, आपल्या छायाप्रती वापरून उघडलेले निघाले, तर घाबरून जाऊ नये. अशा वेळी खाते उघडताना बँकेने घेतलेले छायाचित्र, नमुना सही आणि नोंदवलेला मोबाइल क्रमांक हेच निर्णायक ठरतात. ई-फायलिंग संकेतस्थळावरून पाहता येणाऱ्या वार्षिक माहिती विवरणात बँकांनी कळवलेले व्याज दिसते. त्यात आपल्याला माहीत नसलेली बँक आहे का, हे आजच पाहावे. त्याच विवरणात या नोंदीसमोर माहिती नाकारत असल्याचा अभिप्राय नोंदवावा आणि त्याची पोच जपून ठेवावी. कंपनीलाही नोंदणीकृत टपालाने पत्र पाठवून टीडीएसचे दुरुस्ती विवरणपत्र भरण्याची मागणी करावी. अशा दुरुस्तीला कालमर्यादा असल्याने हे पत्र लांबवू नये. कंपनी दाद देणार नाही अशी शक्यता मोठी आहे, पण आपण हरकत घेतली होती याची तारीख त्या पत्रामुळे निश्चित होते.

याच्या बरोबरीने पोलिसांत तक्रार द्यावी. राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर नोंद करता येते, परंतु मी लेखी फिर्यादीचा आग्रह धरीन, कारण प्राप्तिकर अधिकाऱ्यांसमोर तिचे वजन वेगळे असते. दुसऱ्याची विशिष्ट ओळख फसवणुकीने वापरणे हा माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६६सी खाली गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. व्यवहार १ जुलै २०२४ पूर्वीचे असल्याने फसवणूक आणि बनावट दस्तऐवजासाठी भारतीय दंड संहितेची कलमे ४१९, ४२०, ४६८ आणि ४७१ लागतील, भारतीय न्याय संहितेची नव्हे. तक्रार नोंदवण्याची कार्यपद्धती मात्र आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेची आहे. ठाण्याने नकार दिला, तर कलम १७३(४) खाली पोलीस अधीक्षकांकडे टपालाने तक्रार पाठवावी आणि तरीही काही झाले नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जावे. मध्यस्थाशी झालेले संदेश, त्याला दिलेल्या पैशाची पावती, त्याच्या कार्यालयाचा पत्ता, जे काही हाती असेल ते जोडावे.

दुसऱ्या प्रश्नाविषयी: नवीन पॅन मागू नये. कायद्यानुसार ज्याच्याकडे पॅन आहे त्याला दुसऱ्यासाठी अर्ज करता येत नाही, आणि हा नियम मोडल्यास १०,००० रुपये दंड होऊ शकतो. क्रमांक बदलल्याने जुन्या नोंदी पुसल्या जात नाहीत, उलट आपण काही लपवत आहात असा समज होतो.

पॅन हा क्रमांक मुळात गुप्त ठेवता येण्याजोगा नाही. मालक, बँक, विमा कंपनी, मालमत्तेचा खरेदीदार यांना तो कायद्यानेच द्यावा लागतो, न दिल्यास बहुतेक रकमांवर २० टक्के दराने टीडीएस कापला जातो, आणि ज्याची वस्तू व सेवा कराची नोंदणी आहे, त्याच्या पंधरा अक्षरी क्रमांकात तिसऱ्या स्थानापासून बाराव्या स्थानापर्यंत त्याचा पॅनच छापलेला असतो. खरा धोका कार्डाच्या छायाप्रतीत आहे. तिच्यावर आपली जन्मतारीख, वडिलांचे नाव, छायाचित्र आणि सहीचा नमुना एकत्र असतो, आणि ई-पॅनची फाइल उघडण्याचा पासवर्डही तीच जन्मतारीख असते. म्हणून जिथे केवळ क्रमांक पुरतो तिथे प्रत देऊ नये. प्रत द्यावीच लागली, तर कोणाला, कोणत्या कामासाठी आणि कोणत्या तारखेला दिली हे कार्डाच्या चित्रावरूनच, अक्षरे कापून काढता येणार नाहीत अशा रीतीने, शाईने लिहावे आणि लिहिलेल्या प्रतीचे छायाचित्र स्वतःजवळ ठेवावे. आपण २०२३ मध्ये असे केले असते, तर ती प्रत कोणाच्या हातून फिरली हे त्या कंपनीच्या फाइलमधल्या कागदावरच दिसले असते.

ज्यांनी एकदा ही कागदपत्रे वापरली, ते एवढ्यावर थांबले असतीलच असे नाही. वस्तू व सेवा कराच्या संकेतस्थळावर पॅन टाकून आपल्या नावे एखादी नोंदणी आहे का, हे पाहता येते. लोकांच्या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या चारही पतमाहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा संपूर्ण पतअहवाल विनामूल्य मिळतो, तोही काढावा. त्यात अनोळखी कर्ज आढळल्यास पतमाहिती कंपनीकडे आणि कर्ज देणाऱ्या संस्थेकडे लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत निराकरण झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे दिवसाला १०० रुपये भरपाई मिळू शकते.

आपले उत्तर आणि पुरावे डावलून अधिकाऱ्यांनी कलम १४८ए(३) खाली आदेश दिला, तर तो आदेश आणि आपण सादर केलेल्या प्रत्येक कागदाची पोच घेऊन विनाविलंब वकिलाला भेटावे. अशा आदेशाला उच्च न्यायालयात रिट याचिकेने आव्हान देता येते, आणि तेथे आपण अधिकाऱ्यांपुढे वेळेत काय मागितले होते आणि त्यांनी काय तपासले नाही, हेच पाहिले जाते.