न दुखणारा मुतखडा : काढावा की त्यावर लक्ष ठेवावे?

प्रश्न : माझे वय ४६ वर्षे आहे. पित्ताच्या तक्रारीसाठी सोनोग्राफी केली, तेव्हा डाव्या मूत्रपिंडाच्या खालच्या भागात ६ मि.मी.चा खडा असल्याचे कळले. पोटात कधी कळ आलेली नाही, लघवीचाही त्रास नाही. घरचे म्हणतात, आताच काढून टाका. शेजारी कुळथाचे पाणी प्यायला सांगतात. मी काय करावे? — एक वाचक, जळगाव

उत्तर : तुम्ही पाठवलेल्या अहवालात मूत्रपिंडाला सूज नाही आणि खड्याने वाट अडवलेली नाही, त्यामुळे तो आज काढण्याची गरज मला दिसत नाही. मात्र त्याला विसरूनही चालणार नाही. खडा मूत्रपिंडात पडून असतो तोवर बहुधा दुखत नाही. तो मूत्रवाहिनीत उतरून अडकतो आणि मागे तुंबलेल्या मूत्राचा दाब वाढतो, तेव्हा कळ येते. म्हणून दुखण्यावरून खड्याचा आकार ओळखता येत नाही, आणि मूत्रपिंड भरून टाकणारे मोठे खडेही काही जणांत वर्षानुवर्षे मुके राहिलेले आम्ही पाहतो.

घाई न करण्याचे कारण खड्याच्या जागेतही आहे. खालच्या भागातला खडा ध्वनिलहरींनी फोडला, तरी त्याचा चुरा वर चढून बाहेर पडणे अवघड असते. दुर्बिणीने लेझर करायचे तर भूल, बऱ्याचदा काही दिवसांची नळी आणि जंतुसंसर्गाचा धोका हे सगळे आलेच. काहीही न दुखणाऱ्या माणसाने हे पत्करावे, असे मला वाटत नाही.

सोनोग्राफी सहा महिन्यांनी एकदा आणि खडा स्थिर असल्यास पुढे दरवर्षी करावी, शक्यतो एकाच केंद्रात, आणि जुने अहवाल सोबत न्यावेत. सोनोग्राफीत खडा प्रत्यक्षापेक्षा थोडा मोठा दिसू शकतो, त्यामुळे ६ चे ७ मि.मी. झाले म्हणून घाबरू नये. खरोखर शंका आली, तर कमी किरणांचा सीटी स्कॅन नेमके माप देतो. लघवीची आणि मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे हे दाखवणारी रक्तातल्या क्रिएटिनिनची तपासणीही सोबत करून घ्यावी. खडा सातत्याने वाढत असेल, १५ मि.मी.च्या पुढे गेला असेल, लघवीत वारंवार जंतुसंसर्ग किंवा रक्त आढळत असेल, मूत्रपिंडाला सूज आली असेल किंवा एकच मूत्रपिंड काम करत असेल, तर उपचाराचा विचार करावा लागतो. विमान चालवणाऱ्यांना किंवा महिनोन्‌महिने समुद्रावर राहणाऱ्यांना आम्ही लहान खडाही काढून घ्यायला सांगतो, कारण तिथे कळ आली तर मदत हाताशी नसते.

कुळथाचे कढण आवडत असेल, तर खुशाल खावे. पण बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात आणि ते पोटात घ्यायच्या कुठल्याच औषधाने विरघळत नाहीत. युरिक ॲसिडचा खडा मात्र लघवी अल्कधर्मी करणाऱ्या औषधाने, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, विरघळू शकतो. पाण्याचे प्रमाण पेल्यांत मोजण्यापेक्षा लघवीवरून ठरवावे : दिवसभरात सुमारे अडीच लिटर लघवी झाली पाहिजे. तुमच्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा घामातच बरेच पाणी निघून जाते. त्या दिवसांत लघवी गडद पिवळी दिसली, तर पाणी कमी पडते आहे असे समजावे. पापड, लोणचे आणि शेव यांतले मीठ कमी करावे, कारण जास्त मिठामुळे लघवीतून कॅल्शियम अधिक जाते. दूध-दही मात्र बंद करू नये, ही चूक मला फार वेळा दिसते : अन्नातले कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरून ठेवते, ते कमी केले तर उलट ऑक्झलेट अधिक शोषले जाते. शेंगदाणे आणि पालक यांत ऑक्झलेट भरपूर असते, तेव्हा दाण्याचे कूट बेताने वापरावे.

कुशीत दुखून थंडी-ताप आला किंवा लघवी बंद झाली, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठावे. आणि कधी जोराची कळ येऊन आपोआप थांबली, तर खडा पडला असे गृहीत न धरता सोनोग्राफी करून घ्यावी. तो मूत्रवाहिनीत गुपचूप अडकून राहिला, तर वेदना न होताही मूत्रपिंड निकामी होत जाते.