बियाणे आपले, नोंद कोणाची?

वाचकांचे प्रश्न : बियाणे, जैवविविधता आणि पारंपरिक ज्ञानावरील हक्क

प्रश्न : आमच्या वाडीत पंचवीसएक घरे पिढ्यान्‌पिढ्या एक सुवासिक भात लावतात. एका बियाणे कंपनीचा माणूस येऊन दोन किलो बी मागून गेला. द्यावे का? हा वाण आम्हाला आमच्या नावावर करता येईल का? (एक शेतकरी, भोर तालुका)

उत्तर : आधी नोंदणीचा अर्ज करा, बी द्यायचे की नाही ते नंतर ठरवा. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी पटेल-३ भाताच्या शेतात वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या हेरल्या आणि वर्षानुवर्षे निवड करून एचएमटी हा वाण उभा केला. पुढे अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने तो शुद्ध करून १९९८मध्ये पीकेव्ही-एचएमटी या नावाने प्रसारित केला. शेतकऱ्याच्या वाणाला संरक्षण देणारा कायदा तेव्हा नव्हताच. तो २००१मध्ये आला. आज तो हाताशी आहे, म्हणून उशीर करू नका.

पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यात ‘शेतकरी वाण’ असा स्वतंत्र वर्ग आहे. त्यासाठी वाण नवा असण्याची अट नाही. तो इतरांपासून वेगळा ओळखता यावा, बऱ्यापैकी एकसारखा असावा आणि दर वर्षी तसाच यावा. शेतकऱ्याला नोंदणीची फी नाही. अर्जावर गावची जैवविविधता व्यवस्थापन समिती किंवा जिल्हा कृषी अधिकारी यांसारख्या अधिकाऱ्यांपैकी एकाची शिफारस लागते. भातासाठी संरक्षण पंधरा वर्षांचे. त्यातली पहिली सहा वर्षे झाली की नूतनीकरण करावे लागते.

अडचण येते ती बियाण्याच्या शुद्धतेत. वाडीतल्या पंचवीस घरांचे बी म्हणजे बहुधा चार-पाच प्रकारांची सरमिसळ असते. चाचणीच्या शेतात ती लगेच उघडी पडते. म्हणून एक हंगाम शुद्धीकरणाला द्या. पीक पक्व झाल्यावर नेमक्या गुणांच्या दोनशे-तीनशे लोंब्या खुडा, प्रत्येक लोंबीचे बी वेगळ्या पुडीत ठेवा. पुढच्या पावसाळ्यात एका लोंबीची एक ओळ लावा आणि जी ओळ उंचीत, फुलोऱ्यात किंवा टरफलाच्या रंगात वेगळी निघेल ती ओळच्या ओळ काढून टाका. भातात परागीभवन मुख्यतः त्याच फुलात होते, त्यामुळे शेजारच्या भातापासून तीन मीटर अंतर पुरते. भेसळ परागापेक्षा खळ्यावर आणि तरव्यात (रोपांच्या वाफ्यात) जास्त होते. जुन्या खळ्याच्या जागी तरवा टाकला, तर गेल्या वर्षीचे सांडलेले दाणे त्यातच उगवतात. बी ठेवताना ओलावा तेरा टक्क्यांच्या वर नको.

सोबत वही ठेवा. पेरणीची तारीख, अर्ध्या लोंब्या बाहेर पडायला लागलेले दिवस, झाडाची उंची, लोंबीची लांबी, कुसळ आहे की नाही, टरफलाचा रंग, हजार दाण्यांचे वजन, शिजल्यावरचा वास, सगळे लिहा. अर्जातला वेगळेपणाचा दावा याच नोंदींवर उभा राहतो.

आणखी एक गोष्ट आम्ही आग्रहाने सांगू. भात सगळ्या वाडीचा असेल, तर अर्ज शेतकऱ्यांच्या गटाच्या नावाने करा. एकाच्या नावावर झाला की उद्या वाद उभा राहतो आणि लाभाचा वाटाही एकालाच मिळतो.

कंपनीला बी दिलेच, तर कागदावर द्या : किती, कधी, कशासाठी, आणि पुढे नवा वाण काढला तर मूळ वाणाचा व गावाचा उल्लेख करण्याची अट. तुमचा वाण वापरून कोणी नोंदणी मागितली, तर मूळ वाण कुठून व कसा मिळवला हे त्याला कायद्याने जाहीर करावेच लागते. त्याने ते लपवले, तर तुमच्या हातातला हा कागद बोलेल.

प्रश्न : आजोबा कुड्याच्या सालीचे औषध देत. ते आता मी देतो. त्याचे पेटंट घेता येईल का? दुसऱ्या कोणी घेतले तर? (एक वैदू, शहापूर)

उत्तर : पेटंट मिळणार नाही, आणि ते न मिळणेच तुमच्या हिताचे आहे. भारतीय पेटंट कायद्याच्या कलम ३(प) प्रमाणे जे मुळात पारंपरिक ज्ञान आहे, तो शोध ठरत नाही. तुम्हाला नाही, तसेच कंपनीलाही नाही.

तरीही असे अर्ज होतात, म्हणून पाळत ठेवावी लागते. अर्ज साधारण अठरा महिन्यांनी प्रसिद्ध होतो आणि पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतो. तिथे ‘कुडा’ लिहून काही सापडणार नाही. वनस्पतिशास्त्रीय नाव लागते, तेही जुने आणि नवे दोन्ही. शिवाय कुडा म्हटले की पांढरा कुडा म्हणजे हॉलऱ्हीना आणि काळा कुडा म्हणजे राइटिया, अशी दोन वेगळी झाडे पुढे येतात. जवळच्या महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांकडून फुला-फळांसह फांदी ओळखून घ्या.

अर्ज सापडला तर पेटंट मंजूर होण्याआधी कोणीही विरोध नोंदवू शकतो. त्यासाठी नमुना ७-अ आहे. प्रसिद्धीनंतर सहा महिन्यांच्या आत पेटंट दिले जात नाही, तेव्हा त्या सहा महिन्यांतच विरोध पोहोचवा. कायद्यात तोंडी चालत आलेले ज्ञानही विरोधाचे कारण धरले आहे. वनस्पती कुठून आणली हे लपवणे किंवा चुकीचे सांगणे हेही कारण आहे. मंजुरीनंतर एक वर्षापर्यंत विरोध करता येतो, पण तेव्हा फक्त हितसंबंध असलेल्या व्यक्तीला.

पुरावा मात्र तारखेचा हवा. अमेरिकेत १९९५मध्ये जखमेवर हळद लावण्याला पेटंट मिळाले होते. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने ते आव्हान देऊन १९९७मध्ये रद्द करून घेतले. घराघरांत हळद लावतात एवढे सांगून तिथे भागले नसते, कारण परदेशातला तोंडी वापर अमेरिकन कायदा तेव्हा जमेस धरत नव्हता. छापील पुरावे द्यावे लागले. त्यांत जुन्या ग्रंथांबरोबर १९५३चा एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला लेखही होता. ग्रंथांत नसलेल्या, केवळ वैदूंच्या तोंडी असलेल्या ज्ञानाची बाजू इथेच कमकुवत पडते.

प्रश्न : मग ग्रामपंचायतीच्या लोकजैवविविधता नोंदवहीत (गावातली जैवविविधता आणि तिच्याविषयीचे ज्ञान नोंदवायच्या वहीत) सगळे लिहून टाकावे का? (एक समिती सदस्य, गडचिरोली जिल्हा)

उत्तर : सगळे नाही. वनस्पती, तिचे स्थानिक नाव, कोणत्या तक्रारीवर वापरतात आणि ज्ञान कोणत्या समाजाकडे आहे, एवढे लिहा. प्रमाण, काढण्याची वेळ, सोबत मिसळायची द्रव्ये आणि करण्याची रीत ज्ञानधारकाच्या लेखी संमतीशिवाय लिहू नका. लिहायचेच असेल तर गोपनीय पुरवणीत, आणि ती पुरवणी कोण पाहू शकेल याचा ठराव करून. वहीतली नोंद मालकी देत नाही. ती एवढेच सिद्ध करते की अमुक तारखेला हे ज्ञान गावात होते. तेवढ्यासाठी पाककृती उघडी करण्याची गरज नाही.

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने या वह्या पूर्ण करायला ३१ जानेवारी २०२०ची मुदत घातल्यावर अनेक ठिकाणी नोंदवह्या घाईने झाल्या. तुमची वही उघडून पाहा. शेजारच्या गावाच्या वहीशी पानेच्या पाने जुळत असतील, स्थानिक नावांऐवजी पुस्तकी नावे असतील, तर ती गावात बसून लिहिलेली नाही. ग्रामसभेत वाचून दुरुस्त करा. हे काम सुरूच राहणारे आहे. सोबत वनहक्क कायद्याचे कलम ३(१)(ट) ग्रामसभेच्या ठरावात घ्या. जैवविविधतेशी निगडित पारंपरिक ज्ञानावर समाजाचा सामूहिक बौद्धिक संपदा हक्क त्यात मान्य केला आहे. सामूहिक वनहक्काचे दावे करताना हा हक्क मागायचा राहून जातो, याची आम्हाला खंत वाटते.

व्यापारी गोळा करून नेत असलेल्या मालावर जैवविविधता व्यवस्थापन समिती शुल्कही लावू शकते. त्याची वेगळी वही ठेवा : कोणी, काय, किती नेले.

प्रश्न : भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन आहे. मग तिचे बी दुसऱ्या जिल्ह्यात लावायला बंदी आहे का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : नाही. मानांकन नावाचे रक्षण करते, बियाण्याचे नव्हे. बी कुठेही लावा, पण त्या मिरचीला ‘भिवापुरी’ म्हणून विकता येणार नाही. त्या भागातल्या शेतकऱ्यालाही मानांकनाचा अधिकृत वापर करायचा तर ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून नाव नोंदवावे लागते. मानांकन दहा वर्षांचे असते, मग नूतनीकरण.

प्रश्न : कंपनीने नोंदवलेल्या वाणाचे घरचे बी ठेवले तर खटला होतो का? (एक शेतकरी, मंचर)

उत्तर : २०१९मध्ये पेप्सिको कंपनीने बटाट्याच्या एफसी-५ वाणावरून गुजरातमधल्या शेतकऱ्यांवर खटले भरले होते; त्याच वर्षी मागेही घेतले. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याचे कलम ३९ स्पष्ट आहे : नोंदणीकृत वाणाचेही बी शेतकरी ठेवू शकतो, पुन्हा लावू शकतो, देऊ-घेऊ शकतो, विकूही शकतो. फक्त त्या वाणाच्या नावाचे लेबल लावून, पाकीटबंद करून विकायचे नाही. साध्या पोत्यात, घरचे बी म्हणून विका आणि खरेदीची जुनी पावती जपून ठेवा.