रायगड जिल्ह्यातल्या माणगावात ज्यांचा पुतळा आहे, ते यशवंत घाडगे कोण होते?

माणगावजवळच्या पळसगावचा हा खेड्यातला पोरगा, मराठा लाइट इन्फन्ट्री या पायदळ रेजिमेंटमध्ये नाईक या हुद्द्यावर. दुसऱ्या महायुद्धात, 10 जुलै 1944 रोजी, इटलीतल्या तिबर नदीच्या वरच्या खोऱ्यात शत्रूच्या मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या तुकडीतले बाकी सगळे मेले किंवा जखमी झाले. हे एकटेच पुढे धावले. ग्रेनेड टाकून त्यांनी मशीनगन बंद पाडली, ती चालवणाऱ्यांपैकी एकाला गोळी घातली. मॅगझिन (गोळ्यांची पेटी) बदलायला वेळ नव्हता, म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना तिनेच मारलं. लगेच दडलेल्या नेमबाजांनी त्यांना टिपलं. वय अवघं 22! त्यांची कबरही कुठे नाही, नाव इटलीतल्या कासिनोच्या युद्धस्मारकावर कोरलंय. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळाला. मुंबई-गोवा रस्त्याने जाताना माणगावात थांबून पुतळा जरूर बघा, मुलांनाही दाखवा.