शिकारीला निघालेल्या मुलांचे कान : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

अमेरिकेत हरणांच्या शिकारीचा हंगाम जवळ आला की तेथील मराठी कुटुंबांकडून मला एकाच विषयावर पत्रे येऊ लागतात. मुलाच्या किंवा मुलीच्या हातात पहिल्यांदा बंदूक येणार असते आणि आईवडिलांना कानांची काळजी वाटू लागते. शिकार करावी की करू नये, हा निर्णय त्या त्या घराचा आहे. मी श्रवणतज्ज्ञ आहे आणि कानांपुरते मात्र आग्रहाने लिहिणार आहे, कारण बंदुकीच्या आवाजाने झालेली हानी भरून निघत नाही आणि ती टाळणे जवळजवळ पूर्णपणे आपल्या हातात असते.

प्रश्न : आम्ही पिट्सबर्गजवळ राहतो. आमच्या बारा वर्षांच्या मुलाने प्रशिक्षण पूर्ण करून शिकारीचा परवाना घेतला आहे. त्याच्या .२४३ (गोळीचा व्यास, इंचांत) रायफलीला माझ्या यजमानांनी आवाज दाबणारा सप्रेसर बसवला आहे. दुकानदाराच्या म्हणण्यानुसार आता कानांवर काही घालण्याची गरज नाही. हे खरे आहे का?

उत्तर : नाही, हे खरे नाही. सप्रेसर बसवलात हे उत्तमच केलेत. मात्र त्याने काय साधते आणि काय साधत नाही, हे नीट समजून घ्या.

मोटारसायकलच्या सायलेन्सरचे जे काम, तेच याचे. गोळीच्या मागोमाग अतितप्त, प्रचंड दाबाखालचा वायू नळीच्या तोंडातून एकदम बाहेर पडतो आणि त्यातूनच कानठळ्या बसवणारा धडाका होतो. सप्रेसरच्या नळकांड्यात एकामागोमाग एक पडदे असतात. त्यांमधून जाताना वायू पसरतो, थोडा निवतो आणि सावकाश बाहेर येतो. त्यामुळे आवाज साधारण २० ते ३० डेसिबलने, चांगल्या बनावटीचा असेल तर त्याहून थोडा अधिक, खाली येतो. पण .२४३ ची गोळी सेकंदाला सुमारे ९०० मीटर वेगाने सुटते आणि हवेत ध्वनीचा वेग सुमारे ३४० मीटर आहे. ध्वनीहून वेगवान गोळी हवा चिरत जाताना चाबकाच्या फटकाऱ्यासारखा जो आवाज करते, त्यावर नळीच्या टोकाला बसवलेल्या कोणत्याही साधनाचा काही परिणाम होत नाही.

आता आकडे पाहू. अशा रायफलीचा आवाज नेमबाजाच्या कानाशी १६० डेसिबलच्या आसपास असतो. क्षणिक धडाक्यासाठी प्रौढांच्या कानांची कमाल मर्यादा १४० डेसिबल धरतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये मुलांसाठी ती १२० डेसिबल सांगितली आहे. डेसिबलची मोजपट्टी फसवी असते. १४० आणि १६० यांत फक्त वीसचा फरक दिसतो, पण हवेचा दाब दहापट वाढलेला असतो. तुमच्या रायफलीच्या १६० मधून सप्रेसरचे ३० वजा केले तरी १३० उरतात. दुकानदार ज्याला सुरक्षित म्हणतो, ती प्रौढांची मर्यादा आहे. तुमच्या मुलाच्या बाबतीत आणखी किमान दहा डेसिबल अडवायला हवेत आणि ते काम संपूर्ण कान झाकणारा चांगला इअरमफच करू शकतो. म्हणून सप्रेसर आणि इअरमफ दोन्ही वापरा, आणि प्रत्येक गोळीला वापरा.

एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. जंगलात मुलगा दिवसभरात एखादी गोळी झाडेल, पण त्याआधी नेम जुळवण्यासाठी सरावाच्या मैदानावर, म्हणजे रेंजवर, वीस-पंचवीस गोळ्या झाडेल. तेथे शेजारच्या टेबलावरच्या रायफलीला सप्रेसर नसतो. उलट धक्का कमी करणारा मझल ब्रेक असू शकतो, जो वायू बाजूला फेकतो आणि आवाज थेट शेजाऱ्याच्या कानावर आणून टाकतो. तेथे कानाच्या नळीत घालायचा इअरप्लग आणि त्यावर इअरमफ, असे दुहेरी संरक्षण हवेच. दोघांची बेरीज होते असे मात्र समजू नका. दुसऱ्या साधनाने साधारण पाच डेसिबलची भर पडते, पण त्या पाचांना येथे मोल आहे.

जाता जाता सांगण्यासारखे म्हणजे, हिराम पर्सी मॅक्सिम यांनी १९०९ मध्ये ज्या सायलेन्सरचे पेटंट घेतले, त्यातूनच आजचे सप्रेसर पुढे आले. त्यांचे वडील मॅक्सिम मशीनगनचे जनक होते आणि त्या उद्योगात वडिलांचे ऐकणे पार गेले होते.

प्रश्न : टेक्ससमध्ये मी माझ्या मुलीला शिकार शिकवतो. कान बंद केले तर तिला हरणाची चाहूल आणि माझी सूचना कशी ऐकू येणार? त्यामुळे आम्ही चाप ओढण्याच्या क्षणी तिने इअरमफ चढवावा असे ठरवले आहे.

उत्तर : ठरवले आहे खरे, पण तसे घडत नाही. हरीण झाडीतून बाहेर येते, मुलीचे हृदय धडधडू लागते, डोळा दुर्बिणीला लागलेला असतो. त्या क्षणी गळ्यात अडकवलेल्या इअरमफची आठवण तिला राहत नाही आणि खरे सांगायचे तर तुम्हालाही राहत नाही. माझ्याकडे तपासणीसाठी येणारे बहुतेक शिकारी हेच सांगतात : ‘रेंजवर नेहमी घालतो, रानात तेवढा राहिला.’

तुमच्या अडचणीवर इलेक्ट्रॉनिक इअरमफ हा चांगला उपाय आहे. त्याच्या बाहेरच्या बाजूस छोटे मायक्रोफोन असतात. ते पाचोळ्याची सळसळ आणि हलक्या आवाजातले तुमचे शब्द आत पोचवतात आणि मोठा आवाज आला की तो आत वाढवून सोडत नाहीत. मग उरतो तो साध्या इअरमफसारखा जाड कवचाचा अडसर. बसण्याच्या जागी पोचल्यावर तो कानांवर चढवावा आणि बंदूक रिकामी करून तपासेपर्यंत उतरवू नये. बॅटरी नवी घालून न्यावी.

बसवण्यात मात्र चूक होऊ देऊ नका. गाद्या कानाभोवती सगळीकडून त्वचेला टेकल्या पाहिजेत. चष्म्याची जाड काडी, लोकरीच्या टोपीची कड, वेणीचा पेड किंवा कानातले डूल यांमुळे जी फट राहते, तिच्यातून आवाज सरळ आत जातो. टोपी इअरमफच्या वरून घालावी, खालून नाही. आणि रायफलीच्या दस्त्यावर गाल टेकवला की खालची कड उचलली जाते का, ते घरीच, रिकाम्या बंदुकीवर पाहून घ्यावे. तशी उचलली जात असेल तर पातळ कवचाचा इअरमफ घ्यावा आणि त्याखाली प्लग घालावा.

तुम्ही स्वतः कोठे बसता, तेही महत्त्वाचे आहे. मुलीच्या बाजूला पुढे सरकून बसलात तर तुमचे कान नळीच्या तोंडाच्या अधिक जवळ येतात आणि तिच्यापेक्षा तुम्हालाच मोठा आवाज ऐकावा लागतो. तिच्या खांद्याच्या मागे बसा. लाकडी खोलीवजा बंद मचाणातून गोळी झाडणार असाल तर नळी खिडकीच्या पूर्ण बाहेर असू द्या, कारण आत फुटलेला आवाज भिंतींवर आपटून परत येतो.

प्रश्न : मी सांगलीची आजी. मिनेसोटातला माझा चौदा वर्षांचा नातू बाबांबरोबर शिकारीला गेला होता. त्यानंतर दोन दिवस त्याच्या कानांना दडे बसले होते आणि डाव्या कानात सतत ‘कुंई’ असा आवाज येत होता. आता सगळे ठीक आहे म्हणतो. कानात लसणाचे कोमट तेल घालायला सांगू का?

उत्तर : आजी, तेल मुळीच घालायला सांगू नका. धडाक्याने पडदा फाटला असेल तर ते मधल्या कानात उतरेल आणि संसर्ग होईल. पडदा शाबूत असेल तरी जेथे इजा झाली आहे तेथपर्यंत ते पोचतच नाही. इजा झाली आहे ती आतल्या कानातल्या शंखाकृती भागात. तेथे प्रत्येक कानात साधारण पंधरा हजार केसपेशी असतात. ध्वनीच्या लाटेबरोबर त्या डोलतात आणि मज्जातंतूंना संदेश देतात. बंदुकीच्या आवाजाने त्या वादळात ज्वारी आडवी व्हावी तशा लवतात. काही पुन्हा उभ्या राहतात आणि दडे सुटतात. काही मरतात, आणि माणसाच्या कानात मेलेली केसपेशी पुन्हा उगवत नाही. पक्ष्यांच्या कानात उगवते, हे मी विद्यार्थ्यांना शिकवताना दर वेळी हळहळत सांगते.

डावा कानच का, हेही सांगते. उजव्या हाताने नेम धरणाऱ्याचा उजवा कान दस्त्याकडे, खांद्याच्या आणि डोक्याच्या आडोशाला राहतो, तर डावा नळीच्या तोंडाकडे वळलेला असतो. त्यामुळे बंदुकीने गेलेले ऐकणे बहुधा डावीकडे अधिक असते.

‘आता ठीक आहे’ यावर विसंबू नका. काही वर्षांपूर्वी नातवाच्याच वयाचा एक मुलगा माझ्याकडे आला होता. वर्गात लक्ष देत नाही, अशी शाळेची तक्रार होती. माझे ओठ दिसू नयेत म्हणून मी तोंडासमोर कागद धरला आणि त्याला माझ्या मागोमाग शब्द म्हणायला सांगितले. ‘सात’ म्हटले की तो ‘हात’ म्हणे, ‘शाल’ म्हटले की ‘खाल’. स्वर त्याला स्वच्छ ऐकू येत होते. स, श यांसारखे उंच पट्टीतले, बारीक आवाज मात्र निसटत होते. श्रवण-आलेखावर, म्हणजे कोणत्या पट्टीचा आवाज किती ऐकू येतो ते दाखवणाऱ्या तक्त्यावर, ३००० हर्ट्झपर्यंत रेघ सरळ चालली होती, ४००० हर्ट्झशी ती विहिरीत पडावी तशी खाली गेली आणि ८००० ला पुन्हा वर आली. बंदुकीच्या किंवा मोठ्या आवाजाच्या इजेची ही ओळखीची खूण आहे. मुलाला बहिरेपणा आल्याचे त्याला स्वतःला किंवा घरच्यांना कळले नव्हते, कारण हाक मारली की तो ओ देत होता.

म्हणून नातवाची शुद्ध स्वरांची श्रवणचाचणी या महिन्यातच करून घ्यायला सांगा आणि आलेखाची प्रत घरी जपून ठेवायला सांगा. पुढच्या प्रत्येक वर्षीचा आलेख तिच्याशी ताडून पाहता येईल. यापुढे कधी धडाक्यानंतर ऐकणे कमी झाले किंवा कानात आवाज येऊ लागला, तर ‘बघू उद्या’ म्हणून थांबू नये. कान-नाक-घसा तज्ज्ञ स्टेरॉइड देऊन काही ऐकणे वाचवू शकतात, पण ते उपचार पहिल्या दोन-तीन दिवसांत सुरू झाले तरच त्यांचा उपयोग होण्याची शक्यता अधिक असते.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो आणि येथे सप्रेसरला परवानगी नाही. मग काय करावे?

उत्तर : बरोबर आहे. न्यू जर्सीप्रमाणेच न्यू यॉर्क, कॅलिफोर्निया, इलिनॉय, मॅसॅच्युसेट्स, डेलावेअर, ऱ्होड आयलंड आणि हवाई येथेही सामान्य नागरिकांना सप्रेसर बाळगता येत नाही. इतर राज्यांत १९३४ च्या केंद्रीय कायद्याखाली त्याची नोंदणी करावी लागते. २०० डॉलरचा कर १ जानेवारी २०२६ पासून शून्य झाला असला तरी नोंदणी चुकत नाही. व्हिसावर राहणाऱ्यांसाठी बंदुकीचे नियम आणखी वेगळे आहेत, ते वकिलाकडूनच समजून घ्यावेत.

तुमच्याकडे हरणासाठी नेहमीची रायफल चालत नाही, म्हणजे मुलाच्या हाती बहुधा २० गेजची (गेज म्हणजे नळीच्या रुंदीचे माप) शॉटगन असेल. तिची नळी आखूड घेऊ नका आणि तोंडाशी भोके पाडलेली तर नकोच, कारण दोन्हींमुळे आवाज वाढतो. बाकी सगळी भिस्त प्लग आणि इअरमफ या जोडीवर.

प्लग कसा घालावा, हे पुष्कळांना माहीत नसते. स्पंजाचा प्लग कोरड्या, स्वच्छ बोटांत वळून सुरकुती न पडता वातीसारखा बारीक करावा. दुसरा हात डोक्यावरून पलीकडे नेऊन कानाची पाळी वर आणि मागे ओढावी, म्हणजे कानाची वाकडी नळी सरळ होते. प्लग लगेच आत सरकवून तीस सेकंद बोटाने धरून ठेवावा, तोवर तो आत फुगतो. समोरून पाहणाऱ्याला त्याचे टोक बाहेर आलेले दिसले तर तो नीट बसलेला नाही, काढून पुन्हा घालावा. घातल्यावर स्वतःचाच आवाज घड्यातून आल्यासारखा घुमला पाहिजे. लहान मुलांच्या कानाची नळी अरुंद असते, त्यांच्यासाठी लहान आकाराचे प्लग घ्यावेत. ते बसतच नसतील तर इअरमफवर भागवावे आणि मोठी बंदूक एक-दोन वर्षे पुढे ढकलावी. पाकिटावर ३२ डेसिबल लिहिलेले असले तरी प्रत्यक्षात निम्मेच हाती लागतात असे धरून चालावे. कापसाच्या बोळ्यांनी जवळजवळ काहीच अडत नाही.

प्रश्न : माझी मुलगी कोल्हापुरात .२२ रायफलीचा सराव करते. आम्हाला शिकारीशी काही देणेघेणे नाही, तरी हे सगळे लागू पडते का?

उत्तर : पडते. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आहे आणि सामान्य नागरिकाला सप्रेसरही ठेवता येत नाही. पण स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवल्यापासून कोल्हापूरच्या रेंजवर मुलांची गर्दी आहे. .२२ चा एक बार मोठ्या रायफलीच्या मानाने सौम्य असतो, तरी कानाशी तो १४० डेसिबलच्या आसपास जाऊ शकतो आणि तुमची मुलगी सरावात असे शेकडो बार ऐकते, शिवाय शेजारच्या लेनमधले वेगळेच. प्लग आणि इअरमफ दोन्ही घालू द्या. स्पर्धेच्या नियमांनुसार आवाज ग्रहण करणारे इलेक्ट्रॉनिक इअरमफ खेळाडूला चालत नाहीत, म्हणून सरावातही साधेच वापरलेले बरे. आणि १० मीटर एअर रायफलवरून .२२ वर जाण्याआधी एक श्रवण-आलेख काढून ठेवा. त्या वेळचे तिचे कान कसे होते, याची नोंद पुढे दुसरीकडे कोठेही मिळणार नाही.