शेवट असा का गुंडाळतात?

प्रश्न: भुसावळला आम्ही रोज जेवताना एकच मालिका बघायचो, दोन वर्षं खलनायिका सगळ्यांना पुरून उरली आणि शेवटच्या भागात रडून माफी मागून मोकळी! आई कळण्याच्या भाकरीचा तुकडा हातात धरून तशीच बसली. असं का करतात?

उत्तर: टीआरपी, दुसरं काय! दर गुरुवारी बार्कचे, म्हणजे कोणती मालिका किती लोक बघतात ते मोजणाऱ्या संस्थेचे, आकडे येतात, ते घसरत गेले की आधी वेळ बदलते, मग निरोप, लेखकाच्या हातात थोडेच दिवस उरतात, त्यात दोन वर्षांचा गुंता कसा सुटणार. सिनेमाचं बरंय, शेवट आधीच लिहिलेला. २०१६चा ‘सैराट’ आठवा, शेवटी आवाजच नाही, नुसती लेकराची रक्ताळलेली पावलं. थेटरातून स्टँडपर्यंत आम्ही चौघं एक शब्द बोललो नव्हतो. आईंनी तो तुकडा खाल्ला ना पण?